क्रूझ शिप ड्राय डॉकला असताना तुम्ही शिपवर होतात का? अनुभव लिहा

नवीन थिएटर, नव्या वॉटर स्लाइड्स, चकाचक लाउंज हे सगळं पाहुण्यांना दिसतं. पण ते बसवलं जात असताना शिपवरच राहणाऱ्या क्रूचे दिवस कसे जातात ते फारसं कुठे वाचायला मिळत नाही. शिपचा तळ ठराविक मुदतीत तपासावाच लागतो, त्यासाठी ती ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी उपसून कोरडी करता येणाऱ्या गोदीत नेतात, मग डॉकमध्ये गेलोच आहोत तर कंपन्या आतलं सगळं पण उरकून घेतात. क्वीन मेरी 2 या शिपचं असं मोठं काम 2016 मध्ये हॅम्बुर्गला झालं, आणि कार्निव्हल डेस्टिनी 2013 च्या कामानंतर कार्निव्हल सनशाइन या नावानेच बाहेर पडली. तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटला होतात, काय पाहिलंत, सविस्तर लिहा. कंपनीचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल.

हाउसकीपिंग
सगळ्यात आधी आठवतो तो उकाडा. डॉकमधलं पाणी उपसलं की शिप ठोकळ्यांवर बसते, मग जनरेटर आणि एसी थंड करायला समुद्राचं पाणीच मिळत नाही. वीज किनाऱ्यावरून येते, एसी कधी असतो कधी नसतो, आणि अख्ख्या डेकचे टॉयलेट बंद, म्हणजे रात्री उठून दोन डेक खाली जायचं. पाहुण्यांच्या केबिनमध्ये कॉन्ट्रॅक्टरची माणसं राहतात, त्यांच्याही केबिन आम्हीच करायच्या. कार्पेटवर प्लास्टिक आणि हार्डबोर्ड टाकलेला असतो, तरी धूळ आत जातेच, सकाळी पुसलेलं दुपारी परत पांढरं.

स्टेज टेक्निशियन
आमच्या थिएटरमधले जुने प्रोजेक्टर काढून मागे मोठी एलईडी वॉल बसवली, साउंड सिस्टिम आणि वरची फ्लाइंगची, म्हणजे कलाकारांना हवेत उडवणारी मोटर सिस्टिम पण नवीन. लोकांना वाटतं स्क्रीन टांगला की झालं, पण शिपवर दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. एक म्हणजे वजन. वरच्या डेकवर काय काढलं काय चढवलं याची नोंद ठेवावी लागते कारण त्यावर शिपची स्टॅबिलिटी ठरते, वॉटर स्लाइडवाल्यांना तर हे आमच्यापेक्षा जास्त. दुसरं केबल. नवीन केबल टाकताना आगीला अडवणाऱ्या भिंतीतून भोक पाडलं की ते ठरलेल्या पद्धतीने परत सील करावंच लागतं, नाहीतर त्या भिंतीचा उपयोगच काय. माझे कितीतरी दिवस छताच्या वर सरपटत ही सीलं तपासण्यात गेले आणि मला त्या कामाचा खरंच अभिमान आहे, कारण शो बघणाऱ्याला ते कधी दिसणार नाही पण तो सुरक्षित बसलाय तो त्याच्यामुळे.

फायर पेट्रोल (आगीवर लक्ष ठेवणारी गस्त)
वरच्या मुद्द्याला जोडून लिहितो. वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडिंग काहीही असो, हॉट वर्क परमिटशिवाय, म्हणजे अशा ठिणग्या उडणाऱ्या कामाच्या परवानगीशिवाय नाही, शेजारी फायर वॉचवाला एक्स्टिंग्विशर घेऊन उभा, आणि काम थांबल्यावरही आमच्याकडे निदान अर्धा तास तिथेच थांबायचं. पलीकडच्या खोलीत आणि वरच्या डेकवर पण माणूस हवा, हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. 2002 मध्ये नागासाकीच्या यार्डात डायमंड प्रिन्सेस बांधली जात असताना आग लागली ती अशीच, वेल्डिंग खालच्या डेकवर आणि पेट घेतला वर. त्यात धुळीमुळे खोटे अलार्म वाजतात म्हणून कामाच्या भागातले डिटेक्टर बंद ठेवलेले असतात, मग तिथे माणसाचं नाक आणि डोळे हाच अलार्म. कंटाळवाणी ड्यूटी आहे पण डॉकमध्ये मला याच्याइतकी महत्त्वाची दुसरी कुठलीच वाटत नाही.

डान्सर
आम्ही डॉकच्या शेवटी चढलो. दिवसभर सुतार, इलेक्ट्रिशियन, म्हणून स्टेज आम्हाला रात्रीच. डॉकमध्ये शिप हलत नाही त्यामुळे हवेतले सीन छान बसले, पण समुद्रात निघाल्यावर सगळं परत करावं लागलं. किती हेलकाव्यापर्यंत उडायचं आणि कधी तो सीन रद्द करायचा हे तेव्हाच ठरलं. स्टेज मॅनेजर नाही म्हणाली की नाही, पाहुणे किती का वाट बघत असेनात.

वेटर
पाहुणे नाहीत म्हणजे टिप्स नाहीत. आमच्या कंपनीने डॉकपुरती थोडी भरपाई दिली पण नेहमीच्या कमाईच्या जवळपासही नाही, आणि हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. घरी पैसे पाठवणाऱ्याला हे आधी कळायला हवं. काम मात्र दुप्पट, खुर्च्या वाहा, कचरा उचला, चारही वेळा कॉन्ट्रॅक्टरना जेवण. 24 तासांत किमान 10 आणि 7 दिवसांत 77 तास विश्रांती हा नियम डॉकमध्येही लागू असतो, आपले तास आपणही लिहून ठेवा.

नवीन जॉइन होणारी
माझ्या पुढच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ड्राय डॉक आहे, गिफ्ट शॉपला आहे, काय तयारी करू?

हाउसकीपिंग
ताई, सेफ्टी शूज पहिल्याच दिवशी स्टोअरमधून घे, लहान साइज लगेच संपतात. चांगले मास्क आणि टॉर्च स्वतःची ने. टिप्स किंवा कमिशनच्या जागी काय मिळणार ते साइन ऑन करायच्या आधी ऑफिसला ईमेलवर विचार, तोंडी नको. आणि शॉपचा माल तळघरातल्या स्टोअरमध्ये हलवताना बॉक्सवर दोन्ही बाजूंनी नंबर घाल, नाहीतर उघडायच्या आदल्या रात्री शोधत बसशील.