मदत हवी आहे: दुखणं गेलं, पण खवाटा (खांद्याचं पातं) अजून उठतो

नमस्कार मंडळी. मुलगी 15 वर्षांची, फ्रीस्टाइल पोहते. हात वर नेताना ठीक, पण खाली आणताना उजव्या खवाट्याची आतली कड पाठीतून वर उठते. दोन्ही हातांत किलो-किलोचं वजन दिलं की स्पष्टच दिसतं. फिजिओंनी खवाटा हाताने आधार देऊन फिरवला तेव्हा दुखणं लगेच कमी झालं. नसेला इजा नाही, सेरेटस अँटीरियर आणि खालचा ट्रॅपेझियस हे खवाटा धरून ठेवणारे स्नायू कमजोर, असं म्हणाले. भिंतीवरचे पुश-अप (शेवटी पाठ जराशी जास्त ढकलायची) सहा आठवडे चालू आहेत, कुरकुर करत का होईना.

आता दुखत नाही, पण खवाटा तसाच! दिसायला नीट होईपर्यंत थांबायचं, की पाण्यात सोडायचं? सुरुवातीला किती अंतर? कोणी यातून गेलंय का? कोच रोज विचारतात.