नुसता 🙏 आला तर काय समजायचं?

प्रश्न: सोसायटीच्या ग्रुपवर टँकरचा हिशेब मागितला. सेक्रेटरींचं उत्तर फक्त 🙏. म्हणजे ‘बघतो’, ‘माफ करा’ की ‘पुरे करा बाई’?

उत्तर १: पुरे करा बाई. 😀 सोबत ‘धन्यवाद’ असतं तर आभार मानले असते. एकटाच आला की विषय बंद.

उत्तर २: हा मूळचा जपानी मोबाइलमधला, तिथे विनंतीलाही चालतो नि आभारालाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना सामाईक असलेल्या अक्षर-चिन्हांच्या यादीत, २०१० साली आला. परदेशात काहींना तर ती दोघांनी दिलेली टाळी वाटते. आपल्याकडे सुप्रभातपासून भावपूर्ण श्रद्धांजलीपर्यंत सगळीकडे तोच.

प्रश्नकर्ती: मग आमच्या हिशेबाला श्रद्धांजलीच वाहिली म्हणायची! आता लेखी अर्ज देते, पोच घेऊन. त्यावर इमोजी काढून दाखवा म्हणावं.