मदत हवी आहे: फँटसी फुटबॉलमध्ये कुठले तीन गडी ठेवू? (बार्कलीवर अडलंय)

लाउडनकर

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, हा पायाने खेळायचा फुटबॉल नाही. अमेरिकेतला, हेल्मेटवाला, एनएफएलचा. व्हर्जिनियात राहून सोमवारी ऑफिसात सगळे तावातावाने बोलत असताना गप्प बसायचा कंटाळा आला, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांच्या लीगमध्ये नाव दिलं. आता मोदकांच्या सामानाची यादी आणि रनिंग बॅकची (चेंडू घेऊन पळणाऱ्यांची) यादी एकाच कागदावर आहे.

आमची लीग बारा जणांची, हाफ पीपीआर (झेललेल्या प्रत्येक पासला अर्धा गुण), क्वार्टरबॅक (पास फेकणारा) एकच. गेल्या वर्षीच्या संघातले तीन गडी ठेवता येतात, पण फुकट नाही. ड्राफ्टमध्ये सगळे पाळीपाळीने गडी निवडतात, प्रत्येकाची एक पाळी झाली की एक राउंड. गडी ज्या राउंडला घेतला होता त्याच्या एक राउंड आधीची पाळी सोडावी लागते. गेल्या वर्षी ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला, मधल्या काळात उचललेला असेल तर दहावी पाळी जाते. पहिल्या राउंडचे गडी ठेवता येत नाहीत, आणि कुणालाही सलग दोनच वर्षं ठेवता येतं.

माझ्याकडे पाच जण आहेत:

सॅक्वॉन बार्कली (रनिंग बॅक, फिलाडेल्फिया ईगल्स), दुसऱ्या राउंडला घेतला होता म्हणून पहिली पाळी जाईल
ब्रॉक बॉवर्स (टाइट एंड, म्हणजे अडवणारा आणि पासही झेलणारा; लास व्हेगास), पाचवी
ब्रायन थॉमस ज्युनियर (पास झेलणारा, जॅक्सनव्हिल), सहावी (हा ऑक्टोबरात अदलाबदलीत मिळाला)
जेडन डॅनियल्स (क्वार्टरबॅक, वॉशिंग्टन), सातवी
बकी अर्विंग (रनिंग बॅक, टॅम्पा), दहावी

गेल्या वर्षी अंतिम सामन्यात हरले, त्यामुळे यंदा ड्राफ्टला माझा नंबर अकरावा. नावं २७ ऑगस्ट २०२५ च्या रात्रीपर्यंत द्यायची आहेत, म्हणजे गणपती बसतात त्याच दिवशी. ड्राफ्ट ३१ ला संध्याकाळी.

बार्कलीने गेल्या मोसमात पळून २,००५ यार्ड काढले. असा माणूस हातचा सोडायचा म्हणजे लक्ष्मी दारात आली असताना कडी लावून घेण्यासारखं वाटतं. पण त्यासाठी पहिली पाळी द्यायची का? घरात तेरा वर्षांचा एक सल्लागार आहे, त्याचं म्हणणं डॅनियल्सला सोडलंस तर माझ्याशी बोलू नकोस. त्यामुळे तटस्थ माणसं हवी आहेत.

सांगलीचा_गडी

मी प्रीमियर लीगचं फँटसी खेळतो, धाग्याचं नाव बघून आलो आणि बार्कली कुठल्या क्लबचा ते शोधत बसलो. असो. गडी तुमचाच आहे तर पाळी कशाला सोडायची? ते काही कळलं नाही.

पलटणवाला

@सांगलीचा_गडी, आयपीएलचं रिटेन्शन डोळ्यासमोर आणा. २०२५ च्या मोठ्या लिलावाआधी मुंबईने बुमराला १८ कोटींना ठेवलं, सूर्या आणि हार्दिकला १६.३५, रोहितला १६.३०, तिलकला ८. पंचाहत्तर कोटी तिथेच गेले आणि १२० च्या थैलीत लिलावासाठी ४५ उरले. इथे कोटींऐवजी पाळ्या जातात. बार्कली म्हणजे बुमरा, पूर्ण भाव मोजून ठेवलेला. अर्विंग म्हणजे सोळा कोटींचा गडी मूळ किमतीला मिळाल्यासारखा.

ताई, अर्विंगवर विचारच करू नका. १,१२२ यार्ड, वर ४७ झेल, आणि किंमत दहावी पाळी. यावर चर्चा काय करायची?

ईगलवेडा

मी न्यू जर्सीत, फिलाडेल्फियाच्या बाजूला, तेव्हा मला तटस्थ समजू नका. पण बार्कली सोडणं हा वेडेपणा आहे. बहुतेक सगळ्या क्रमवाऱ्यांत तो पहिल्या तीन-चारात आहे. तुमचा नंबर अकरावा. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या जागेचा माल तुम्ही अकराव्या जागेच्या भावात घेताय. हे "पूर्ण भाव मोजणं" कसं झालं? आणि लक्षात घ्या, शेवटच्या सामन्यात त्याला बसवलं. डिकरसनचा एका मोसमातला २,१०५ यार्डांचा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे होते, तरी संघाने त्याला जपला. बाकीचे चार एकेका वर्षाचे गडी आहेत.

लाउडनकर

ईगलवेडा, तुमचा हा मुद्दा मुलाला दाखवला. तो म्हणाला, "जानेवारीत त्यांनी आपल्याला ५५-२३ ने धुतलं, बार्कली पहिल्याच चालीत ६० यार्ड पळाला, आणि तू त्याला आपल्या घरात ठेवणार?" आम्ही ॲशबर्नला राहतो, वॉशिंग्टनचा सराव आमच्या घरापासून दहा मिनिटांवर चालतो. तेव्हा हा विषय आमच्याकडे जरा नाजूक आहे.

आकडेमोड

भावना बाजूला ठेवून बोलू.

एका मोसमात २,००० यार्डांच्या वर गेलेले बार्कलीच्या आधी आठ जण. पुढच्या मोसमात त्यांचं काय झालं बघा. सिम्पसन २,००३ वरून १,१२५. डिकरसन २,१०५ वरून १,२३४. बॅरी सँडर्स २,०५३ वरून १,४९१, आणि हा आठांतला सगळ्यात चांगला निकाल. टेरेल डेव्हिसचा गुडघा गेला, चार सामन्यांत २११. जमाल लुईस १,००६. ख्रिस जॉन्सन १,३६४. पीटरसन १,२६६. हेन्री आठच सामने खेळला, ९३७. एकानेही दीड हजार गाठले नाहीत.

यात शाप वगैरे काही नाही. दोन हजार यार्ड काढायला सगळंच जुळून यावं लागतं: पुढची फळी, तब्येत, संघ सतत पुढे असणं. ते दोन वर्षं सलग जुळत नाही. आणि शरीर झिजतं ते वेगळंच. बार्कली मोसमात ३४५ वेळा आणि प्लेऑफमध्ये आणखी ९१ वेळा चेंडू घेऊन पळाला. ४३६ वेळा अंगावर माणसं झेलायची, वय २८, आणि २०२० मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध एकदा फाटलेला.

अजून एक गोष्ट. गोल लाइनजवळ पोचल्यावर तो टचडाउन (म्हणजे इथला गोल) त्याचा नसतोच. सगळे मिळून त्यांच्या क्वार्टरबॅकला, हर्ट्सला, मागून ढकलतात. गेल्या मोसमात पळून केलेले टचडाउन हर्ट्सचे १४ आणि बार्कलीचे १३.

तरी बार्कली वाईट आहे असं मी म्हणत नाही. तेराशे यार्ड काढले तरी तो उत्तमच. प्रश्न एवढाच आहे की त्या पाळीत दुसरं काय मिळतं.

ईगलवेडा

तेच तर म्हणतोय! अकराव्या नंबरवर काय मिळतं? अमॉन-रा सेंट ब्राउन मिळाला तर नशीब.

आकडेमोड

सेंट ब्राउन मिळाला तर मी पेढे वाटीन.

ताई, वही काढा. बारा जणांच्या स्नेक ड्राफ्टमध्ये (दर राउंडला क्रम उलटा होतो) अकराव्याच्या पाळ्या अशा येतात: ११, १४, ३५, ३८, ५९, ६२, ८३, ८६, १०७, ११०. म्हणजे बॉवर्सची खरी किंमत "पाचवा राउंड" नसून ५९ वी निवड. थॉमसची ६२ वी, डॅनियल्सची ८३ वी, अर्विंगची ११० वी. आज खुल्या ड्राफ्टमध्ये थॉमस, अर्विंग आणि बॉवर्स तिघेही दुसऱ्या राउंडच्या आसपास जातात, डॅनियल्स तिसऱ्याच्या.

अर्विंग आणि थॉमस नक्की धरून चालू. राहिला तिसरा. दोन वाटा आहेत.

पहिली: बार्कली ठेवा. मग १४ व्या निवडीला बॉवर्स बहुधा शिल्लक असेल, तो तिथे घ्या. ५९ वी निवड मोकळी राहते.

दुसरी: बॉवर्स ठेवा. मग ११ आणि १४ या दोन्ही निवडी मोकळ्या.

दोन्हीकडे बॉवर्स तुमचाच. तेव्हा तो दोन्हीकडून खोडून टाका. उरतं काय? एकीकडे बार्कली आणि ५९ वा गडी, दुसरीकडे ११ वा आणि १४ वा. बार्कली आणि ११ वा यांच्यात फरक आहेच, पण १४ वा आणि ५९ वा यांच्यात कितीतरी जास्त. १४ वा तुमचा आठवडा जिंकून देणारा असतो, ५९ वा म्हणजे "या आठवड्यात खेळवू की नको" अशी डोकेदुखी.

पलटणवाला

हे भारी आहे. मी कधी असं मांडून बघितलंच नव्हतं, नुसते राउंड मोजायचो.

ईगलवेडा

मांडणी छान, पण महागाई विसरलात. बारा जण प्रत्येकी तीन ठेवणार, म्हणजे छत्तीस गडी ड्राफ्टआधीच बाजारातून गेले. तेही स्वस्तात मिळालेले चांगले चांगले. मग तुमची ११ वी निवड नावालाच ११ वी, प्रत्यक्षात मिळणारा गडी सोळाव्या-सतराव्या तोडीचा. १४ वीचंही तेच.

आकडेमोड

मान्य, बरोबर पकडलंत. पण मग ५९ वीचं काय होतं तेही बघा. ती तर थेट ऐंशीच्या पलीकडच्या तोडीची होते. महागाई खालच्या पाळ्यांना जास्त लागते, कारण ठेवलेल्यांपैकी बरेच जण वरच्या दर्जाचे पण खालच्या पाळीचे असतात.

ताई, पहिल्या राउंडचे गडी ठेवता येत नाहीत या तुमच्या नियमाने चेस, बिजान रॉबिन्सन, जेफरसन, सेंट ब्राउन परत बाजारात येणार. गिब्स आणि नाकुआ तुमच्या लीगमध्ये कितव्या राउंडला गेले होते?

लाउडनकर

दोघेही दुसऱ्याच राउंडला. गिब्स ज्याच्याकडे आहे तो नक्की ठेवणार, त्याने कपावर छापून घेतलंय. नाकुआवालीचं सांगता येत नाही, त्याला पास फेकणाऱ्या स्टॅफर्डच्या पाठदुखीच्या बातम्या आल्यापासून तिचा चेहरा उतरलाय. मी वही काढून बसले, वरच्या वीसांतले माझे सोडून चार-पाच जातील असं दिसतंय.

अर्विंगबद्दल एक धास्ती आहे. त्यांचा आक्रमण सांभाळणारा प्रशिक्षक लियाम कोएन जॅक्सनव्हिलला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला. आणि टॅम्पाच्या पुढच्या फळीतला डावा टॅकल वर्फ्स गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे सुरुवातीला नसणार म्हणतात.

आकडेमोड

अर्विंग नुसता बरा खेळला तरी ११० व्या निवडीला परवडतो. आणि कोएन गेला कुठे? थॉमसकडेच! एका हाताने गेलं ते दुसऱ्या हाताला आलं. थॉमसने १,२८२ यार्ड आणि १० टचडाउन काढले, तेही त्यांचा क्वार्टरबॅक लॉरेन्स बराच काळ जखमी असताना. पास झेलणारा नवा गडी हंटर आल्यामुळे पासची वाटणी होईल हे खरं, पण समोरच्या बचावाला आता दोघांवर लक्ष ठेवावं लागेल.

सांगलीचा_गडी

मी अजून इथेच आहे. बॉवर्स एवढा मोठा कशामुळे? संघ तर शेवटून मोजावा असा दिसतोय.

पलटणवाला

४-१३, बरोबर ओळखलंत. पण ११२ झेल, १,१९४ यार्ड. पहिल्या मोसमात इतके झेल आजवर कुठल्याच जागेच्या खेळाडूने घेतले नव्हते. टाइट एंडचा पदार्पणाचा यार्डांचा विक्रम १९६१ पासून डिटकाच्या नावावर होता, १,०७६ चा, तोही गेला. टाइट एंड म्हणजे यष्टीरक्षक धरा: फलंदाजी करणारा मिळाला तर सोनं, नाहीतर बाकी सगळे सारखेच. मॅकब्राइड सोडला तर त्याच्या जवळ कोण आहे? आणि यंदा त्यांना क्वार्टरबॅक म्हणून जिनो स्मिथ मिळालाय, म्हणजे चेंडू निदान नीट येतील.

आकडेमोड

शिवाय बॉवर्स पुढच्या वर्षी चौथ्या पाळीत पुन्हा ठेवता येईल. बार्कली यंदा ठेवलात तर तो पहिल्या राउंडचा झाला, पुढच्या वर्षी तुमच्या नियमाने बाद.

डॅनियल्सबद्दल मुलाला सांगा, गडी अप्रतिम आहे. ८९१ यार्ड पळणारा क्वार्टरबॅक रोज मिळत नाही. पण एक क्वार्टरबॅकच्या लीगमध्ये बारा जणांना बाराच लागतात, आठव्या-नवव्या राउंडलाही कामाचा माणूस मिळतो. टाइट एंडचं तसं नाही. आणि डॅनियल्सचे पास झेलणाऱ्या मॅक्लॉरिनचा करार अजून अडलेलाच आहे.

लाउडनकर

मंडळी, नावं देऊन टाकली: अर्विंग, थॉमस, बॉवर्स. बार्कली सोडलाय हे मुलाला आधी सांगितलं, तो खूश झाला. त्याच खुशीत डॅनियल्सचंही सांगून टाकलं. जेवला, पण बोलला नाही. मग रात्री येऊन विचारून गेला की ३५ व्या निवडीला डॅनियल्स उरला असेल तर घेशील का. घेईन म्हटलं. आकडेमोड, रागावू नका.

ईगलवेडा, बार्कली बहुतेक आमच्या वसुली विभागातल्या एका ईगल्सवाल्याकडे जाईल, त्याचा नंबर चौथा आहे. तुमच्याच माणसाकडे गेला असं समजा.

आता एक शेवटची अडचण. ड्राफ्ट ३१ ला संध्याकाळी साडेसातला, आणि त्याच दिवशी आमच्याकडे गौरी येतात. पावलं काढायची, ओवाळायचं, पंधरा बायका घरात. मधल्या पाच-सहा पाळ्या तरी मला हाताने घेता येणार नाहीत. ऑटोड्राफ्टवर सोडलं तर चालेल का?

आकडेमोड

नुसतं सोडू नका. संगणक स्वतःच्या क्रमवारीने उचलत जातो. तुमच्याकडे बॉवर्स असताना दुसरा टाइट एंड घेऊन ठेवेल. आदल्या रात्री स्वतःची क्रमवारी भरून ठेवा, नको असलेल्यांना यादीतून काढा. आणि ११, १४ या दोन पाळ्या पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत येतील, तेवढ्या स्वतः घ्या. ३५ पासून पुढे मुलाला बसवा.

लाउडनकर

मुलाला?! ३५ लाच?

ईगलवेडा

:)) त्याने हा धागा वाचलाय बहुतेक.