मदत हवी आहे: फोटोतला प्राणी 'चिवटपणाचं प्रतीक' कधी होतो?

छायाचित्रकार निक ब्रँटची 'द डे मे ब्रेक' ही फोटोमालिका कुणी नीट पाहिलीय का? सुरुवातीचे फोटो २०२० मधले, झिम्बाब्वे आणि केनियातले. हवामानबदलाची झळ बसलेली माणसं आणि सुटका करून आणलेले प्राणी एकाच वेळी, एकाच चौकटीत. भोवती यंत्राने सोडलेलं धुकं.

यावर छोटा लेख लिहितेय आणि इथेच अडलेय. हत्ती म्हणजे स्मृती, लांडगा म्हणजे एकटेपणा असले ठोकळे नकोत (फिनिक्स तर नकोच!). यातले बरेच प्राणी जंगलात परत सोडता येण्यासारखे नाहीत. मग त्यांना प्रतीक म्हणणं म्हणजे त्यांचं दुःख आपल्या सोयीने वापरणंच ना? प्राण्याला प्राणीच राहू देणारे आणखी छायाचित्रकार सुचवाल का?