डॅनियल सेल: नर्न्स्टचा उतार ३० ऐवजी १७ मिलिव्होल्ट का येतो?

प्रश्न
पदवीच्या प्रात्यक्षिकात डॅनियल सेल (जस्त आणि तांबं, दोन्ही आपापल्या सल्फेटच्या द्रावणात) करताना जस्ताचं द्रावण ०.१ मोलार (लिटरला ०.१ मोल) कायम ठेवून मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, पातळ करत नेतो. ०.१ ला १.०८४ व्होल्ट, ०.०१ ला १.०६७. म्हणजे दसपट फरकाला (हाच उतार) १७ मिलिव्होल्टच, नर्न्स्टच्या समीकरणाने, म्हणजे सांद्रतेवरून व्होल्टेज काढायच्या सूत्राने, हवेत २९.६. ०.००१ ला तर आकडा ठरतच नाही. मुलं वहीत ‘प्रायोगिक चूक’ लिहून मोकळी होतात. नक्की कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
चुकत काहीच नाही. मुलांचा आकडा बरोबर आहे, समीकरणात सांद्रता घालणं चूक आहे. तिथे ॲक्टिव्हिटी, म्हणजे आयनांची प्रत्यक्ष परिणाम करणारी सांद्रता हवी: सांद्रता गुणिले एक गुणांक. कॉपर सल्फेटचा गुणांक ०.१ मोलारला साधारण ०.१५ आणि ०.०१ ला ०.४४. म्हणजे ०.०१५ भागिले ०.००४४, दहापट नव्हे, जेमतेम साडेतीनपट. लॉग ०.५३ गुणिले २९.६ करा: १६ मिलिव्होल्ट! दोन्ही आयनांवर दुहेरी भार असल्यामुळे हा परिणाम इतका ठळक दिसतो. ‘प्रायोगिक चूक’ लिहू देऊ नका, हा हिशोब त्यांच्याकडूनच करून घ्या.

प्रतिसाद २
०.००१ ला आकडा हलतो त्याचं कारण वेगळं. इतक्या पातळ द्रावणात विरघळलेला ऑक्सिजन आणि तांब्यावरचा ऑक्साइडचा थर इलेक्ट्रोडला ओढत राहतात. खालची मर्यादा ०.००५ ठेवा. तांबं दर मापनाआधी पॉलिश पेपरने घासा, पण जस्ताला कागद वेगळाच घ्या. एकच कागद वापरला की तांब्याचे कण जस्तात रुततात, तिथे काळे ठिपके पडतात आणि व्होल्टेज हळूहळू उतरतं.

सॉल्ट ब्रिजही (दोन द्रावणं जोडणारी क्षाराची नळी) पाहा. १०० मिली १ मोलार पोटॅशियम नायट्रेटमध्ये ३ ग्रॅम अगार, पारदर्शक होईपर्यंत मंद आचेवर, मग गरम असतानाच यू-नळीत. आत एक बुडबुडा राहिला तरी सर्किट तुटतं आणि नळीजवळ हात नेला की मीटर नाचतो. पोटॅशियम क्लोराइड नको. क्लोराइड तांब्याच्या बाजूला झिरपून क्युप्रस क्लोराइड होऊ शकतं.

प्रश्नकर्ता
ॲक्टिव्हिटीचा हिशोब पटला. पण ३० चा उतार प्रत्यक्ष दाखवायचा असेल तर?

प्रतिसाद १
पार्श्वभूमीला प्रक्रियेत भाग न घेणारा क्षार भरपूर ठेवा. सगळी द्रावणं १ मोलार पोटॅशियम नायट्रेटमध्ये करा (१०० मिलीला १०.१ ग्रॅम), म्हणजे गुणांक जवळजवळ बदलत नाही. इथे मोरचूद चालणार नाही, सल्फेट तांब्याशी जोडी करून बसतं. कॉपर नायट्रेट ट्रायहायड्रेट घ्या, ०.१ मोलारच्या १०० मिलीला २.४२ ग्रॅम. ते हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा पटकन तोला. मोरचुदाचा प्रयोग मात्र आधी होऊ द्या. १७ पाहिल्यावरच ३० चं मोल कळतं.

प्रतिसाद २
मापन नेहमी पातळ द्रावणाकडून घट्टाकडे. उलट गेलात तर इलेक्ट्रोडला चिकटलेला एखादा थेंबही ०.००५ बिघडवतो. प्रत्येक गटाला एकेक सांद्रता वाटून देऊ नका. तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्येच काही मिलिव्होल्टचा फरक असतो, त्यात उतार बुडतो. एका गटाने एकाच पट्टीवर सगळे बिंदू घ्यावेत. ब्रिज आकडा घेण्यापुरताच बुडवा आणि एरवी १ मोलार पोटॅशियम नायट्रेटमध्ये ठेवा. कोरडा पडला की अगार आक्रसतो आणि पुन्हा बुडबुडा.