मदत हवी आहे: वस्तीतली शाळा आणि घरांचे मालकी पट्टे, मनपाच्या सभेत हे नेमकं कसं ठरतं?

नमस्कार. मी उत्तर नागपुरात राहते, कामठी रोडच्या आतल्या बाजूच्या एका जुन्या वस्तीत. लांब लिहिते आहे, कारण दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत आणि एक सांगितल्याशिवाय दुसरी कळणार नाही.

माझी मुलगी चौथीत आहे, वस्तीतल्याच मराठी प्राथमिक शाळेत. पट कमी झाला हे खरं आहे, आम्ही ते नाकारत नाही. आता कानावर आलं की या शाळेचं समायोजन दुसऱ्या शाळेत होणार, म्हणजे ही बंद करून मुलं तिकडे पाठवणार. ती शाळा कामठी रोडच्या पलीकडे. सकाळच्या वेळी तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. मी स्वतः ओलांडताना दोनदा थांबते, तर पहिलीतलं लेकरू काय करेल?

दुसरी गोष्ट घराची. सासऱ्यांनी इथे झोपडी घातली तेव्हा माझे यजमान जन्मायचे होते. वस्ती घोषित झोपडपट्टी आहे, मोजणी झाली, यादीत नाव आलं. पट्टा, म्हणजे जागेच्या हक्काचा कागद, मात्र हातात नाही. विचारलं की "विषय सभेत जायचा आहे" एवढंच ऐकायला मिळतं. कोणती सभा, केव्हा, ते कुणी सांगत नाही.

आणि या दोन्ही गोष्टी अडकल्या कशा, तर बोलणं असं सुरू आहे की शाळा रिकामी झाली की त्या जागेवर घरकुलं होतील. यावरून वस्तीत दोन तट पडले. ज्यांच्या घरी शाळेत जाणारी पोरं नाहीत ते म्हणतात, "घरं होऊन राहिली तर होऊ द्या ना." मला त्यांचाही राग येत नाही. पावसाळ्यात त्यांच्या घरात पाणी शिरतं, ते मी पाहते. पण शाळा गेली आणि घरंही झाली नाहीत, तर दोन्हीकडून गेलो.

आमची एक चूक आधीच सांगते, म्हणजे दुसऱ्यांनी करू नये. गेल्या महिन्यात सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन एका कार्यालयात देऊन आलो. एकच प्रत नेली होती. पोच घ्यायची असते हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आता ते निवेदन दिल्याचा कोणताही पुरावा आमच्याजवळ नाही.

मला विचारायचं ते हे. सभेत आमच्यासारख्यांना बसता येतं का? बोलता येतं का? विषय येणार हे आधी कळतं कुठून? शिक्षण समितीत "हो" झालं म्हणजे संपलं, की तो विषय पुन्हा मोठ्या सभेत येतो? पट्ट्याचा विषय कोण ठरवतं? ज्यांनी हे जवळून पाहिलं असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद 1 (निवृत्त मनपा कर्मचारी)

ताई, सभेच्या कागदपत्रांशी माझा बरीच वर्षं संबंध होता, म्हणून लिहितो.

आधी कायदा. नागपूरला पूर्वी स्वतःचा वेगळा कायदा होता, 1948 चा. आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 लागू आहे. जुनी माणसं अजून जुनी कलमं सांगतात, ती अर्जात लिहू नका. या कायद्यात प्राथमिक शाळांची सोय करणं हे मनपाचं बंधनकारक कर्तव्य आहे. गरिबांसाठी घरं बांधणं ऐच्छिक कामांत येतं. तुमच्या वस्तीत दोन तट पडले म्हणता, त्या सगळ्यांना हा फरक समजावून सांगा.

आमसभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची मोठी सभा, महिन्यातून किमान एकदा, वीस तारखेच्या आत, भरवायची असते. सभेची सूचना आणि विषयपत्रिका पूर्ण सात दिवस आधी निघते. ती निगम सचिवांच्या कार्यालयातून जाते. सभागृह 151 निवडून आलेल्या सदस्यांचं आहे, गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला हव्या त्या किमान हजेरीला, एक तृतीयांश लागतात. गणपूर्ती नसली की सभा तहकूब होते, पण तीच सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणून "सभा तहकूब झाली" ऐकून निर्धास्त होऊ नका. पुढच्या तारखेला जा, त्याच दिवशी विषय निघून जातात.

बसता येतं का? हो. आमसभा जनतेला खुली असते. उपस्थित सदस्यांच्या बहुमताने एखादी चर्चा बंद दाराआड ठेवता येते, पण तो अपवाद. महालातल्या टाऊन हॉलमध्ये वरून बसून लोक सभा ऐकत, ते मी पाहिलं आहे. ठिकाण मात्र दर वेळी सूचनेवरून पाहून घ्या. बोलता येत नाही. तुमच्या वतीने नगरसेवकच बोलू शकतो. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेले, सदस्य बोलू शकतात, त्यांना मत नसतं.

आता महत्त्वाचं. बाहेरच्या माणसाला वाटतं की निर्णय सभेच्या दिवशी होतो. प्रत्यक्षात तो आधीच्या टिपणीत, म्हणजे विभागाने प्रस्तावावर लिहिलेल्या कागदात, लिहिला जातो. विभाग प्रस्ताव तयार करतो, तो आयुक्तांकडून समितीपुढे किंवा सभेपुढे येतो, सभागृहात सचिव विषय क्रमांक वाचतात, कुणी उठलं नाही तर "मंजूर, मंजूर" होऊन पुढचा विषय. एका विषयाला तेवढाच वेळ लागतो. म्हणून सभेच्या दिवशी बाहेर फलक घेऊन उभं राहण्यापेक्षा, विषय टिपणीत असताना त्यात एक वाक्य घालून घेणं जास्त उपयोगाचं.

ते वाक्य कसं असतं ते सांगतो. "समायोजन करण्यास मंजुरी देण्यात येत आहे" हा एक ठराव. "विद्यार्थ्यांच्या ने-आणीची व्यवस्था झाल्यानंतर समायोजन करण्यास मंजुरी देण्यात येत आहे" हा दुसरा. नगरसेवकाने उपसूचना, म्हणजे ठरावात दुरुस्ती, मांडली, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, तर पहिल्याचा दुसरा होतो. उपसूचना लेखी द्यायला सांगा. तोंडी बोललेलं इतिवृत्तात विरघळून जातं.

नगरसेवकाला प्रश्न विचारायचा असेल तर त्याचीही नोटीस पूर्ण सात दिवस आधी सचिवांकडे द्यावी लागते. विषयपत्रिका हाती येते तोवर ती मुदत जवळपास सरलेली असते. तेव्हा पत्रिकेची वाट न पाहता आधीच प्रश्न द्यायला लावा.

प्रतिसाद 2

ताई, मी दक्षिण नागपुरातली, माझी दोन्ही मुलं अशाच शाळेत शिकली. सभेचं वरच्या काकांनी सांगितलं. मी शाळेतल्या सभेचं सांगते.

शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक अशा शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. मुख्याध्यापक सचिव असतात. बहुतेक ठिकाणी ही समिती पोषण आहाराच्या सह्यांपुरती उरते. पण तिचं इतिवृत्त रजिस्टर हा सरकारी कागद आहे. तुम्ही बैठक बोलवा, समायोजनाला विरोध किंवा अटी, जे ठरेल ते ठराव म्हणून लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि त्याची प्रत शिक्षण विभागाला द्या. निवेदन कुणीही देतं. समितीच्या ठरावाचं वजन वेगळं.

आणि अंतर मोजा. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत हवी. आम्ही पोरांच्या पायी रस्त्याने मोजलं होतं, मोबाईलवर सरळ रेषा काढून नाही. दोन्हींत फार फरक पडला. पूल किंवा सिग्नल कुठे आहे ते धरून मोजा, आणि कच्चा नकाशा काढून ठरावाला जोडा.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. मी स्वतः त्या समितीची सदस्य आहे, हे लिहायला काल विसरले. आज मुख्याध्यापिका बाईंकडे बसून रजिस्टर पाहिलं. दीड वर्षाच्या बैठका वाचल्या. गणवेश आहे, नळाची तोटी आहे, पंधरा ऑगस्ट आहे. समायोजनाचा शब्दसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, मलाही तोंडीच कळलं आहे. शनिवारी बैठक ठरवली.

पट्ट्याचं कुणाला माहीत आहे का? आणि मधे प्रशासक होते त्या काळात काही ठरून गेलं असेल तर ते कुठे सापडेल?

प्रतिसाद 3

पट्ट्याबाबत पहिला प्रश्न एकच: जमीन कुणाची? नागपुरात एकाच वस्तीच्या अर्ध्या गल्ल्या एकाच्या आणि अर्ध्या दुसऱ्याच्या असतात. नझूलची, म्हणजे सरकारी, असेल तर विषय जिल्हाधिकाऱ्यांकडे. नागपूर सुधार प्रन्यासची असेल तर प्रन्यासच्या विश्वस्त मंडळापुढे. ती 1936 च्या वेगळ्या कायद्याने चालणारी संस्था आहे, तिची सभा वेगळी. मनपाची असेल तर आमसभेपुढे, कारण मनपाची स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्याने द्यायला महानगरपालिकेची मंजुरी लागते. "सभेत जायचं आहे" असं सांगणाऱ्याला विचारा, कुणाच्या सभेत? मी स्वतः वर्षभर मनपाच्या सभांच्या बातम्या चाळत बसलो होतो, आणि आमची गल्ली प्रन्यासच्या जमिनीवर निघाली. मोजणीच्या नकाशावर खसरा क्रमांक, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक, असतो, तिथून सुरुवात करा.

शाळेच्या जागेवर घरकुलाचं म्हणता, तर आधी विकास आराखड्यात त्या जागेवर कोणतं आरक्षण आहे, म्हणजे ती कशासाठी राखली आहे, ते पाहा. शाळेचं आरक्षण असेल तर ते बदलायला 1966 च्या नगररचना कायद्यातल्या कलम 37 प्रमाणे नोटीस काढून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, आणि त्याला एक महिन्याची मुदत असते. इथे तुम्हाला स्वतःच्या नावाने लेखी म्हणणं मांडता येतं, मधे नगरसेवक लागत नाही. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. वस्तीत एकाने रोज पेपर पाहायची जबाबदारी घ्या.

प्रतिसाद 1 (पुन्हा)

प्रशासकांच्या काळाचं विचारलं. मार्च 2022 ला मागच्या सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. मधल्या काळात सभेचे आणि स्थायी समितीचे, दोन्ही अधिकार प्रशासकांकडे होते. चर्चा झाली नाही, पण ठराव झाले, आणि त्यांना क्रमांक आहेत. समायोजनाचा ठराव तेव्हाच झालेला असेल तर नवीन सभागृहापुढे तो आपोआप येणार नाही. म्हणून हे आधी तपासा.

तपासायला वकील लागत नाही. राज्य सरकारच्या 2018 च्या आदेशाप्रमाणे दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात महानगरपालिकेतली कागदपत्रं नागरिकांना पाहता येतात. सोमवारी सुटी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. तिथे काम झालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, म्हणून शाळा आणि पट्टे यांचे अर्ज वेगवेगळे करा. "सगळी माहिती द्या" असं लिहू नका. "अमुक शाळेच्या समायोजनाच्या नस्तीतील टिपणी व ठरावाची प्रत" असं लिहा. नस्ती म्हणजे फाइल. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील.

ठराव तुमच्याविरुद्ध झाला तरी सगळं संपत नाही. कलम 451 खाली राज्य सरकार मनपाचा ठराव निलंबित करू शकतं, पुढे विखंडितही, म्हणजे रद्दही, करू शकतं. पण तो दूरचा रस्ता आहे. आधी सोमवार गाठा, आणि या वेळी दोन प्रती न्या.

धागाकर्ती

आज जाऊन आले. आम्ही तिघी होतो. दोन प्रती नेल्या. आपल्या प्रतीवर निळ्या शाईचा गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. घरी आल्यावर सासूबाईंनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला, मग पट्ट्याच्या मोजणीच्या पावतीसोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला.

कळलं ते असं. समायोजनाचा ठराव प्रशासकांच्या काळात झालेला नाही. प्रस्ताव विभागातच आहे, अजून समितीपुढेही गेलेला नाही. म्हणजे वेळ आहे. शनिवारच्या बैठकीत समितीचा ठराव झाला, घरकुलाच्या बाजूने असणाऱ्या दोन काकूंनीही सही केली, कारण "घरांची जागा निश्चित झाल्याशिवाय शाळा रिकामी करू नये" हे वाक्य त्यांना पटलं. नकाशा जोडला आहे. पायी रस्ता एक किलोमीटरच्या वर भरतो. पट्ट्याचा खसरा क्रमांक काढला, जमीन मनपाचीच निघाली.

आमच्या प्रभागातल्या एका नगरसेविका ताईंनी प्रश्न द्यायला होकार दिला. मसुदा खाली टाकते आहे. गुरुवारी सकाळी त्यांच्याकडे द्यायचा आहे, त्याआधी काका, तुम्ही आणि इतरांनी शब्द तपासून द्या.

"1. संबंधित वस्तीतील प्राथमिक शाळेचे समायोजन करण्याचा प्रस्ताव शिक्षण विभागात विचाराधीन आहे काय? असल्यास, त्यावर शाळा व्यवस्थापन समितीचे मत घेण्यात आले आहे काय?

2. समायोजनानंतर पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यांना पायी किती अंतर जावे लागेल, आणि कामठी रोड ओलांडण्यासाठी कोणती व्यवस्था करण्यात येणार आहे?

3. सदर शाळेच्या जागेवर विकास आराखड्यात कोणते आरक्षण आहे, आणि ते बदलण्याचा प्रस्ताव आहे काय?

4. या वस्तीतील मोजणी पूर्ण झालेल्या कुटुंबांच्या मालकी पट्ट्यांचा प्रस्ताव सभेच्या मंजुरीसाठी कोणत्या महिन्यात ठेवण्यात येईल?"

चौथ्या प्रश्नात "कोणत्या महिन्यात" लिहावं की "केव्हा"? "केव्हा" लिहिलं तर "लवकरच" असं उत्तर येईल, अशी मला भीती वाटते.