मदत हवी आहे : मेजर जनरल जेरेमी मूर यांच्याकडे फॉकलंडची सूत्रे नेमकी केव्हा आली?

ब्रिटनच्या रॉयल मरीन्स या नौसैनिक दलाचे मेजर जनरल सर जेरेमी मूर (१९२८-२००७) यांच्यावर मी एक चरित्रलेख लिहीत आहे. मलायातील कामगिरीबद्दल मिळालेला मिलिटरी क्रॉस, डिसेंबर १९६२ मध्ये बोर्निओतील लिंबांग येथील ओलिसांची सुटका आणि फॉकलंड बेटांवरील ब्रिटन-अर्जेंटिना युद्धाच्या शेवटी १४ जून १९८२ रोजी अर्जेंटिनाचे जनरल मेनेंदेझ यांनी ‘बिनशर्त’ हा शब्द पेनाने खोडून सही केलेला शरणागतीचा कागद, इथपर्यंतचे लेखन पूर्ण झाले आहे.

अडचण मे १९८२ ची आहे. २१ मे रोजी फॉकलंडमधील सॅन कार्लोस येथे ब्रिटिश सैन्य उतरले तेव्हा किनाऱ्यावरचे नेतृत्व ब्रिगेडियर ज्युलियन थॉम्पसन करत होते, तर मूर ‘क्वीन एलिझाबेथ २’ जहाजावर, दळणवळणापासून जवळजवळ तुटलेले होते आणि ३० मेच्या सुमारास बेटांवर पोहोचले. मधल्या काळात बेटांवरील गूझ ग्रीनची लढाई होऊन गेली. चरित्राच्या दृष्टीने हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्या लढाईच्या निर्णयाची जबाबदारी कोणाची, हे त्यावरच ठरते.

थॉम्पसन यांच्या आठवणी आणि मूर यांच्यावरील मृत्युलेख वाचून झाले आहेत. दोन खंडांतील अधिकृत ब्रिटिश इतिहास मला इथे मिळालेला नाही आणि लंडनला जाऊन अभिलेखागार पाहणे शक्य नाही, त्यामुळे ऑनलाइन वाचता येईल असाच पुरावा उपयोगी पडेल.

मूर समुद्रात असतानाच भूदलाचे नेतृत्व कागदोपत्री त्यांच्याकडे आले होते, की ते किनाऱ्यावर उतरेपर्यंत थॉम्पसन थेट लंडनजवळच्या नॉर्थवूड येथील ब्रिटिश मुख्यालयाला उत्तरदायी होते, आणि हे कोणत्या मूळ दस्तऐवजात पाहता येईल?